हिरवी कड नसलेली काच

नंदे, तुझ्या फोटोची काच मी स्वतः कापली, आणि ती बसली नाही.

दोन सूत जास्त निघाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुला सांगायला नको. सहावीत असताना गणिताच्या पेपरात तू सेंटिमीटरऐवजी सूत लिहून आली होतीस आणि बाईंनी आईला शाळेत बोलावलं होतं. पण हे दुसरंही कोणी वाचेल, म्हणून सांगतो. छत्तीस वर्षं मी काच कापतोय. चौकटीचं माप घ्यायचं, त्यातून एक सूत वजा करायचं आणि मगच काचेवर हिरा चालवायचा. काच चौकटीत घट्ट बसली की आज ना उद्या तडकते, तिला थोडी जागा लागते. कितीतरी कारागिरांना मी शिव्या घालून हे शिकवलंय. आणि तुझ्या वेळी मी वजा करायच्याऐवजी मिळवलं. साकीनाक्याच्या दुकानात, भर दुपारी, दोन गिऱ्हाइकांसमोर. त्यातल्या एकानं विचारलं, “शेठ, तब्येत बरी ना?” त्याला मी हाकलून दिलं.

त्यामुळे तेराव्याला तुझ्या फोटोला काच नव्हती, नुसता हार होता. असल्फ्याच्या आपल्या जुन्या चाळीतली माणसं घाटकोपरला आमच्या घरी आली होती. एक काका फोटोकडे बघून म्हणाले, “नंदा आता वर तारा झाली हो.” पाच मिनिटांत तिघांनी तेच सांगितलं. चौथ्याला मी विचारलं, “कसला तारा? कुठल्या पिढीतला? त्यात लोखंड आहे का?” त्या बिचाऱ्यानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. तुझ्या वहिनीनं मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं.

“अहो, माणसं सांत्वन करायला आलीत. त्यांच्याशी काय हुज्जत घालताय?”

“शैला, नंदाला हे चाललं नसतं.”

“तिला तुमची हुज्जतही चालली नसती,” शैला म्हणाली आणि दार लोटून बाहेर गेली.

तिचं खरं असेल. पण माझंही खोटं नाही. तू आयुष्यभर ताऱ्यांच्या मागे होतीस. भाजीवाल्या मावशीच्या नातवाला कोणी ‘चमकता तारा’ म्हटलं, तरी तू हळूच विचारायचीस, “वस्तुमान किती?”

मी तुझ्यावर रागावलोय, हे आधीच सांगून टाकतो. तू गेलीस म्हणून नाही. तो राग निराळा, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. हा जुना राग आहे, दोन वर्षं सांभाळलेला. तुझ्या शोधनिबंधात माझं नाव नाही, म्हणून. वाचणाऱ्याला हसू आलं तर येऊ दे. नववीत शाळा सोडलेल्या काचवाल्याला अवकाशातल्या शोधात नाव कशाला हवं, असं कोणालाही वाटेल. तुला मात्र कधी हसू आलं नव्हतं. तुझ्यावर रागावणं त्यामुळेच कठीण होतं.

तुला आठवतं ना, आपलं दुकान आधी दुकान नव्हतंच. बाबांची गिरणी बंद पडली आणि मी लाकडी घोडीत, म्हणजे पट्ट्यांच्या सांगाड्यात, काचा बांधून त्या खांद्यावर घेतल्या. कुर्ल्याहून माल उचलून निघायचं, असल्फा, साकीनाका, मरोळ, जिथे कोणाची खिडकी फुटली असेल तिथे तावदान बसवायचं. मग रस्त्याकडेला पत्र्याची टपरी मिळाली. शाळा सुटली की तू येऊन पेंढा भरलेल्या खोक्यावर बसायचीस. एका मोठ्या काचेला लहर होती, म्हणजे ती मधेच जाड, मधेच पातळ, पाण्यासारखी हललेली. कोणी घेत नव्हतं. तू ती डोळ्यांसमोर धरून बसायचीस.

“दादा, समोरच्या टेलरची ट्यूब दोन झाली.”

“काच खराब आहे ती. ठेव खाली, हात कापशील.”

“खराब कुठली रे? बघ ना, मी डोकं हलवलं की ट्यूब केळ्यासारखी वाकते. म्हणजे लहर कुठे आहे ते ट्यूबवरून कळतं.”

“मला ते नुसत्या बोटानं कळतं.”

“तुझं बोट जिथे पोचत नाही, तिथे काय करशील?”

तेव्हा तू दहा वर्षांची असशील. मी समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. पुढे तुझा सगळा जन्म त्याच प्रश्नात गेला. ती काच तू तुकडा करून मागून घेतलीस आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलीस.

त्याच टपरीत तू आणखी एक गोष्ट शिकलीस, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. एक कंत्राटदार आला होता, घासाघीस करणारा. मी पण काही कमी नाही. दोघांचे आवाज चढले, पलीकडच्या पानवाल्यानं गाणी बंद केली ऐकायला. शेवटी मी म्हटलं, “बरं, तुमची साइट चढावर आहे, काच वर चढवायचं काम माझ्याकडे. आता तर झालं?” तो लगेच खूश झाला आणि माझ्याच दराला माल घेऊन गेला. तू विचारलंस, “वर चढवायचं तर आपण असंही करतोच ना?” मी तुला समजावलं होतं. माणूस हट्टावर चढून बसला की त्याला ओढून खाली आणायचं नाही. ओढलं की तो आणखी घट्ट बसतो. त्याला उतरायला एक पायरी ठेवायची आणि गप्प बसायचं. तो आपल्या पायानं उतरतो, शिवाय जिंकल्यासारखा जातो.

“आणि तू चढून बसलास की?”

“माझ्यासाठी कोण ठेवतंय पायरी!”

तू खूप हसली होतीस. मी पण.

पुढे तू शिकत गेलीस, मी काच विकत गेलो. टपरीचं दुकान झालं, दुकानामागे गोदाम झालं. तू परदेशात जाऊन आलीस, मुलुंडला घर घेतलंस, संस्थेत नोकरी करू लागलीस. पण रविवारची सकाळ तू दुकानात यायचं सोडलं नाहीस. अर्धा दिवस दुकान उघडं असायचं, आणि तो अर्धा दिवस आपण भांडायचो. एकदा मी म्हटलं, “तू शोधतेस काय ते एका वाक्यात सांग. मी गिऱ्हाइकाला माल एका वाक्यात सांगतो.”

“विश्वातले सगळ्यात पहिले तारे.”

“दिसतात का?”

“नाही. इतके लांब आहेत की जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीलाही त्यातला एकटा तारा दिसणार नाही.”

“मग कशाला जन्म घालवतेस?”

“कारण वाटेत काच आहे.”

मी गल्ल्यावरून उठून तुझ्यासमोर येऊन बसलो. काच म्हटल्यावर विषय माझा. तू सांगितलंस की कुठे कुठे शेकडो दीर्घिका घोळक्यानं एकत्र असतात. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे, तेव्हा त्या घोळक्याचं वजन केवढं असेल! त्या वजनानं मागून येणारा प्रकाश वाकतो. मागच्या वस्तू मोठ्या दिसतात, ताणलेल्या दिसतात, एकीच्या तीन-चार होतात. आणि एक बारीक रेषा असते. मागचा एखादा तारा नेमका त्या रेषेपाशी आला तर तो हजारो पट उजळ होऊन दिसू शकतो. पण ती रेषा कुठे आहे ते कळायला आधी काच कशी आहे ते कळावं लागतं, आणि काच तर दिसत नाही, त्या वजनातलं बहुतेक वजन काळोखात असतं. मग मागच्या वस्तू कशा वाकल्यात, कुठली कुठली एकाच वस्तूची रूपं आहेत, ते ओळखून काचेचा आकार काढायचा.

“टेलरच्या ट्यूबसारखं?” मी म्हटलं.

तू काउंटरवर थाप मारलीस. “अगदी तस्संच, दादा!”

आठवडाभर मी सगळ्या गिऱ्हाइकांशी नीट बोललो. शैलाला वाटलं मला ताप आहे.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की मुख्य गोष्ट विचारायची राहिली. पुढच्या रविवारी विचारली. “पहिला तारा हा पहिलाच, हे कशावरून? अंगावर छाप असतो का?”

“छाप नसतो, तीच त्याची ओळख.” तू खाली पडलेला काचेचा तुकडा उचललास आणि त्याची कड माझ्यासमोर धरलीस. “हे हिरवं कशानं?”

“काचेचा रंग तो. समोरून दिसत नाही, कडेनं दिसतो.”

“वाळूतल्या लोखंडानं. अगदी थोडं असतं, पण असतं. आणि लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होतं. पहिले तारे पेटले तेव्हा लोखंड नव्हतं, ऑक्सिजन नव्हता, वाळू नव्हती. नुसता हायड्रोजन आणि हेलियम. त्या ताऱ्यांना हिरवी कड नाही, दादा.”

“म्हणजे माझा धंदाही नव्हता.”

“धंदा नव्हता, तुझा आवाज नव्हता. काय शांतता असेल!”

तुझी ही गोष्ट मी कितीजणांना सांगितली असेल. आरसे घ्यायला आलेल्या हॉटेलवाल्यालाही काचेची कड दाखवून सांगितली. तो म्हणाला, सूट द्या.

आणि मग तो रविवार. तू भलामोठा रंगीत कागद आणलास आणि माझ्या काच कापायच्या टेबलावर पसरलास. दुर्बिणीनं काढलेलं चित्र. मधे पांढऱ्या-पिवळ्या दीर्घिकांचा घोळका आणि भोवती मागच्या दीर्घिकांच्या ताणलेल्या, वाकड्या चिरोट्या, कुठे नखाएवढ्या, कुठे बोटाएवढ्या. तुझं घोडं काही दिवस अडलं होतं. जोड्या जुळत नव्हत्या. तू मला दाखवायला आणलं होतंस, सल्ला घ्यायला नाही, हे आता कळतं. मी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून बघितलं. वरच्या अंगाला एक लालसर चिरोटी, खाली उजवीकडे एक निळसर. एक इकडे वाकलेली, दुसरी तिकडे. मी दोन्हींवर दोन बोटं ठेवली.

“ही दोन एकच आहेत. आरशातली जोडी. एक डावी, एक उजवी.”

तू वाकलीस. बराच वेळ बघत राहिलीस. “रंग?”

“रंग काचेनं बदललाय. जाड काच हिरवट-निळी झाक देतेच की. ही जाड भागातून आलीय, ती पातळ भागातून. माल एकच.”

तू माझ्याकडे बघितलंस, मग कागदाकडे, मग कागदाची सुरळी करत म्हणालीस, “बघते.”

मी इतका धंदा केला, नंदे. ‘बघते’ म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे टपरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. पण त्या दिवशी मी ते ऐकलंच नाही. मी संध्याकाळी जिलबी घेऊन घरी गेलो आणि शैलाला सांगितलं, विश्वाच्या काचेतली जोडी मी पकडली.

काही महिन्यांनी तुझा निबंध आला. तूच मोबाइलवर दाखवलास. चार नावं होती, तुझं पहिलं. मी खालपर्यंत सरकवत गेलो, जिथे आभार मानतात तिथपर्यंत.

“माझं नाव?”

“दादा, यात तुझी ती जोडी वापरलेली नाही.”

“वापरली नाही, की नाव द्यायचं नव्हतं?”

तू मोबाइल पर्समध्ये टाकलास. मग मी सुटलो. भांडताना माझ्या तोंडात आईची मालवणी येते. “माका शिकवू नको! अशी दहा गिऱ्हाइकं रोज येतत. मापं माझ्याकडनं काढून घेतत नि काच दुसरीकडनं!” कारागीर हात थांबवून बघत होते. आणि मग मी ते बोललो. “माझ्या खांद्यावरच्या काचेवर शिकलीस तू.”

तू पर्स उचललीस. “हो,” एवढंच म्हणालीस आणि गेलीस.

तो ‘हो’ अजून माझ्या दुकानात आहे. त्यात राग असता तर मी तेव्हाच विसरलो असतो. त्यात नुसतं खरं होतं. तू कबूल केलंस, आणि मी जिंकलो, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माफी मागायला हवी होती. मी माफी मागत नाही, हे सगळ्या साकीनाक्याला माहीत आहे, तुलाही होतं. पुढच्या रविवारी तूच आलीस, वहिनीसाठी कोळंबीची पिशवी घेऊन, जणू काही झालंच नव्हतं. मी पहिलं वाक्य काय बोललो? “नावाचं काय झालं?”

तेव्हापासून तेच चाललं. चहा यायच्या आधी मी नाव काढायचो. कधी टोमणा, कधी चेष्टा, कधी खरा संताप. तू कधी विषय बदलायचीस, कधी म्हणायचीस, “दादा, जरा उजेडात बस ना, किती वाकून कापतोस.” माझ्या डोळ्यांवर तुझी नजर होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

गेल्या भाऊबीजेला तू मुलुंडहून आलीस, चेहरा उतरलेला. मी विचारलं तर म्हणालीस काम फार आहे. शैलानं पाट मांडला, मी बसलो. तू कुंकू लावलंस, अक्षता टाकल्यास, ओवाळायला तबक उचललंस. मी हात आडवा केला.

“आधी नाव. मग ओवाळ.”

“दादा, ओवाळणी भाऊ देतो. तू मागतोयस?” तू हसत होतीस, तबक तसंच धरून. वहिनी म्हणाली, “अहो, निरांजन विझेल.” मी हात काढला. तू ओवाळलंस आणि ओवाळता ओवाळता, माझ्याकडे न बघता, म्हणालीस, “दादा, एक सांगू? माझ्या काचेलाही हिरवी कड नसते हं.”

मी म्हटलं, “माहीत आहे. लोखंड नसतं. किती वेळा सांगशील?”

“ते ताऱ्यांचं. मी काचेचं बोलतेय.”

“बरं,” मी म्हटलं आणि पाकीट तबकात ठेवलं. मला वाटलं, माझी हवा काढायला तुझ्या मालाची तारीफ करतेयस. मालाची तारीफ मी रोज ऐकतो. तू क्षणभर थांबलीस. वाट बघितलीस, असं आता वाटतं. मग लाडू माझ्या तोंडात कोंबलास.

हॉस्पिटलबद्दल मी फार लिहिणार नाही. तिथे मी डॉक्टरांशी भांडलो, वॉर्डबॉयशी भांडलो, खिडकीची काच मळकी म्हणून स्वतः पुसली. आजार तू आमच्यापासून किती दिवस लपवला होतास, ते विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर सहन झालं नसतं. एका सकाळी तुला बरं वाटत होतं. तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, “दादा, त्या जोडीचं...”

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. “असू दे. बरी हो, मग भांडू.”

मला वाटलं तू हार मानणार. आजारी माणसाकडून जिंकायचं नव्हतं मला. तू बरी होऊन, रविवारी, माझ्या दुकानात, चारचौघांत हरायला हवी होतीस. तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, “बरं. भांडू.” आपलं ते शेवटचं नीट बोलणं.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात अश्विनी आली. तुझी विद्यार्थिनी, तू तिला दोनदा दुकानात आणली होतीस. तुझ्या टेबलाचं सामान एका खोक्यात घेऊन आली होती. वर लुगड्यात गुंडाळलेला तो लहरी काचेचा तुकडा, आणि खाली तो कागद, सुरळी करून. मी कागद पसरला. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा सगळीकडे. माझ्या दोन चिरोट्यांभोवती दोन गोल. गोल बघून माझा ऊर भरून आला आणि रागही आला.

“ही जोडी मी ओळखली होती, बेटा. पण तुझ्या मॅडमनी नाव दिलं नाही.”

ती खाली बघायला लागली. “काका... ती जोडी नाहीये.”

“कोणी सांगितलं?”

“मॅडमनी त्याच आठवड्यात तपासलं होतं. लाल आहे ती खूप लांबची. निळी कितीतरी जवळची. दोन वेगळ्या दीर्घिका आहेत.”

“रंग काचेनं बदलतो!” माझा आवाज चढला. “तू मला काच शिकवणार?”

मुलगी घाबरली, पण मागे हटली नाही. तुझ्याच हाताखालची ती. “तुमची काच बदलते, काका. ही नाही बदलत. वजनानं प्रकाश वाकतो तेव्हा लाल आणि निळा अगदी सारखे वाकतात. रंग जसाच्या तसा येतो. आम्ही जोड्या त्यावरूनच ओळखतो. रंग जुळला नाही तर जोडी नाही.”

मी टेबलावरचा एक तुकडा उचलला. का उचलला माहीत नाही, हाताला सवय. त्याची कड बघितली. हिरवी. आणि मला भाऊबीज आठवली. तबक, निरांजन, तुझा न बघता बोललेला आवाज. माझ्या काचेलाही हिरवी कड नसते हं.

“मग मला का नाही सांगितलं तिनं?” मी विचारलं.

“मी पण हेच म्हटलं होतं त्यांना. सरळ सांगा ना, दर रविवारी बोलणी कशाला खाता. तर म्हणाल्या, मी सांगितलंय त्याला. उतरेल तो, वेळ लागेल.”

अश्विनीला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मला होता. मी तिला चहा मागवला आणि मागे गोदामात जाऊन काचांच्या घोड्यांमधे उभा राहिलो, चहा येईपर्यंत.

तू पायरी ठेवली होतीस, नंदे. तुझी काच रंग चढवत नाही, हे ओवाळता ओवाळता सांगून टाकलं होतंस. माझ्यासाठी कोणी ठेवत नाही म्हणालो होतो, आणि तू ते तीसेक वर्षं लक्षात ठेवलंस. कारागिरांसमोर, वहिनीसमोर, कुठेही एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. ‘दादा, तू चुकलास, तुझी काच इथे चालत नाही.’ पण माझ्याकडे काचेशिवाय दुसरं काय होतं? ते तू हिरावून घेतलं नाहीस. उलट दोन वर्षं माझी बोलणी खाल्लीस. मी वर चढून बसलो होतो आणि तू खाली उभी राहून वाट बघत होतीस, तेही आजारी असताना. माझा सगळा राग नावाचा होता, आणि तुझ्या मनात माझं नाव सांभाळायचं होतं.

अश्विनीनं चहा पिताना आणखी एक सांगितलं. त्या चित्रात दुसऱ्याच एका चिरोटीवर, त्या बारीक रेषेपाशी, एक ठिपका आहे. तुला तो फार आवडायचा म्हणे. त्याचा प्रकाश उलगडून बघायला अवकाशातल्या दुर्बिणीचा वेळ मिळालाय, काही महिन्यांनी पाळी येईल. त्यात ऑक्सिजन किंवा लोखंडाची खूण दिसली नाही तर तो त्या पहिल्यांपैकी असू शकेल.

“आणि दिसली तर?”

“तर तसं लिहू.”

पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, थांबता कशाला, पेपरात देऊन टाका, उद्या दुसरा कोणी दुकान मांडेल. मी म्हटलं, “तसंच लिहा. जे असेल ते.” अश्विनी म्हणाली, तुझं नाव पहिलं राहील. माझ्या नावाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

काल दुसरी काच कापली. शैलाला दुकानात नेलं आणि टेप तिच्या हातात दिली, कारण बारीक रेघा मला आता नीट दिसत नाहीत. तुझ्या लक्षात आलं होतं, मी कबूल करत नव्हतो. ती आकडा वाचत गेली, मी एक सूत वजा केलं, आणि हिरा चालवला. काच फ्रेममध्ये सहज बसली. समोरून बघितलं तर काच आहे हे कळतही नाही, फक्त तू दिसतेस. हिरवी कड आहे, पण ती लाकडाच्या आत गेली. लहरी काचेचा तो तुकडा फोटोशेजारी लुगड्यासकट ठेवलाय. समोर टेलर नाही, पण दिवाणखान्याची ट्यूब त्यातून अजून दोन दिसते.

खांद्यावरच्या काचेचं जे बोललो, ते चुकीचं बोललो. काच माझी होती, खांदा माझा होता, पण शिकलीस तू. हे तुला त्या संध्याकाळीच सांगायचं होतं.

आणि ती दोन वेगळी होती. तुझं बरोबर. मी चुकलो.

हे घे, उतरलो गो. आता रविवारी भांडायला काय काढायचं, ते तूच सांग.